पेन आधी, स्क्रीन नंतर!

फोटो रिटच करायला माउस पुरत नाही, हे तुम्हाला कळलंय. आता प्रश्न पुढचा. स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट घ्यायचा, की ज्याच्या स्क्रीनवरच पेन चालतं तो पेन डिस्प्ले? सीझनची पहिली कमाई उडवण्याआधी एवढं वाचा.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांचा सीझन सुरू होतो आणि तुमच्या ग्रुपमधला कॅमेरावाला मित्र गायब होतो. सकाळी हळद, संध्याकाळी रिसेप्शन आणि मधल्या वेळेत जमलंच तर सबमिशन. पण शूट संपलं म्हणजे काम संपलं असं नसतं. हजार-पंधराशे फोटोंतून अल्बमसाठी शंभर-दीडशे निवडले जातात आणि त्यातला प्रत्येक क्लोजअप साफ करून द्यावा लागतो. नवरीच्या कपाळावर चमकणारा घाम, मुंडावळ्यांची गालावर पडलेली सावली, नथीच्या बाजूला नेमका त्याच दिवशी उगवलेला पिंपल, मावशींच्या चष्म्यात अडकलेला फ्लॅश. हे सगळं माउसने करत बसलेला माणूस रात्री दोन वाजता मनगट चोळत असतो.

तो मित्र तुम्हीच असाल, किंवा मास मीडिया, अप्लाइड आर्ट, फोटोग्राफी यांपैकी काहीतरी शिकता शिकता रिटचिंगची कामं घ्यायचा विचार करत असाल, तर ‘पेन घे’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. मग तुम्ही व्हिडिओ बघितले. तिथे एक भारी आर्टिस्ट चकचकीत स्क्रीनवर थेट पेन फिरवतोय, आणि आपल्यालाही तेच हवंय असं वाटायला लागलं. त्याची किंमत बघितली आणि टॅब बंद केला. इथपर्यंत सगळ्यांचं सेम असतं.

आधीच सांगून टाकते. फोटो रिटचिंग हेच तुमचं मुख्य काम असेल, तर स्क्रीन नसलेला मध्यम साइजचा पेन टॅब्लेट तुम्हाला पुरतो. नुसता पुरतोच असं नाही, बऱ्याचदा तो जास्त सोयीचा पडतो. का, ते आता बघू.

माउसचं अडतं कुठे?

माउसला दोनच गोष्टी कळतात. बटण दाबलंय किंवा दाबलेलं नाही. किती जोरात दाबलं, हे त्याला कळत नाही. रिटचिंगचा सगळा खेळ मात्र याच ‘किती’वर चालतो.

‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही फोटोशॉपमधली दोन नावं तुम्ही ऐकली असतील. डॉज म्हणजे एखादा भाग उजळ करणं, बर्न म्हणजे गडद करणं. ही नावं कॉम्प्युटरच्या आधीची आहेत, डार्करूममधली. निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पडत असताना मध्ये हात किंवा पुठ्ठ्याचा तुकडा धरून एखाद्या भागावरचा प्रकाश अडवायचा, तो भाग उजळ यायचा. पुठ्ठ्याला भोक पाडून एकाच जागी जास्त प्रकाश द्यायचा, तो भाग गडद व्हायचा. जुन्या स्टुडिओतले रिटचर तर टोकदार पेन्सिल घेऊन थेट निगेटिव्हवर बारीक काम करायचे. थोडक्यात, हे काम आधीपासूनच हाताच्या दाबाचं आणि अंदाजाचं आहे. १९९०मध्ये फोटोशॉप आलं आणि तेच काम माउसने व्हायला लागलं.

समजा, डोळ्याखालचं काळं वर्तुळ थोडं हलकं करायचंय. ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा, कारण ते पूर्ण पुसलं तर डोळा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. माउस असेल तर तुम्ही ब्रशचा फ्लो दोन-तीन टक्क्यांवर आणता आणि एकाच जागी पंधरा-वीस वेळा क्लिक करता. कडेला अजून कमी हवं म्हणून पुन्हा आकडा बदलता. पेन असेल तर मध्यभागी जरा दाबायचं आणि कडेला येता येता हात सैल सोडायचा. आकडा बदलायला वर जावंच लागत नाही.

शंभर फोटोंमध्ये हा फरक केवढा होतो, त्याचा हिशोब तुम्हीच करा. आणि प्रश्न नुसता वेळेचा नसतो. माउसने कंटाळलेला माणूस शेवटी शॉर्टकट शोधतो. अख्ख्या चेहऱ्यावर ब्लर फिरवतो आणि नवरी प्लास्टिकची होते. तो अल्बम त्या घरात पुढची तीस-चाळीस वर्षं राहणार असतो.

दुकानात नुसतं ‘टॅब’ म्हणू नका

दुकानात जाऊन ‘टॅब दाखवा’ म्हणालात तर समोर अँड्रॉइडचा टॅब येईल. आपल्याला हवी ती वस्तू वेगळी आहे आणि तिचे दोन प्रकार आहेत.

पहिला पेन टॅब्लेट. शाळेतल्या पाटीसारखी काळी, चपटी पाटी. तिच्यावर काहीच दिसत नाही. यूएसबीने लॅपटॉपला जोडायची, पाटीवर पेन फिरवायचं आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर बघायचं.

दुसरा पेन डिस्प्ले. ही पाटी म्हणजे स्वतःच एक मॉनिटर असते. फोटो तिच्यावर दिसतो आणि पेनही तिथेच चालतं. पण हा मॉनिटरच आहे, कॉम्प्युटर नाही. लॅपटॉपला जोडल्याशिवाय तो चालत नाही. ऑनलाइन खरेदी करताना ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

दोन्हींमागचं तंत्र बहुतेक वेळा एकच असतं. पाटीच्या आत बारीक तारांची जाळी असते, ती चुंबकीय लहरी सोडते. पेनमधली छोटी कॉइल त्या लहरींवरच चालते आणि उलट सिग्नल देते. त्यावरून पेन कुठे आहे आणि किती दाबलंय, हे पाटीला कळतं. म्हणून पेनला बॅटरी लागत नाही आणि पाटीला टेकायच्या आधीच कर्सर हलायला लागतो. १९८३मध्ये जपानमध्ये सुरू झालेली वाकॉम ही या क्षेत्रातली सगळ्यात नावाजलेली कंपनी. सॅमसंगच्या नोट फोनमधलं एस पेन तुम्ही कधी वापरलं असेल, तर त्यातलंही तंत्र वाकॉमचंच. आता हुइऑन, एक्सपी-पेन या चिनी कंपन्या त्याच पद्धतीची बिनबॅटरीची पेनं बरीच स्वस्तात देतात. त्यामुळेच आपल्यासारख्यांना हा प्रश्न पडायला लागला. आधी तो पडायचाही नाही, कारण किंमतच उत्तर देऊन टाकायची.

हात इथे, डोळे तिथे

पेन टॅब्लेटबद्दलची पहिली भीती हीच असते. पेन खाली फिरतंय आणि आपण बघतोय समोर, हे जमणार कसं?

माउसचं काय करता मग? तो हलवताना तुम्ही खाली बघता का? हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, याची सवय तुम्हाला शाळेपासून आहे. फरक एवढाच की माउस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर जागेवरच राहतो. टॅब्लेटचं तसं नसतं. पाटीचा डावा वरचा कोपरा म्हणजे स्क्रीनचा डावा वरचा कोपरा. पाटीवरच्या प्रत्येक जागेला स्क्रीनवरची एक ठरलेली जागा असते. पहिले दोन-तीन दिवस हात चुकतो, चिडचिड होते, माउसकडे हात जातो. बहुतेकांचं साधारण एक-दोन आठवड्यांत बसतं. अट एकच, या काळात माउस ड्रॉवरमध्ये टाकायचा. ब्राउझर, फोल्डर, प्रेझेंटेशन, सगळं पेननेच करायचं.

सवय झाली की एक फायदा कळतो. आपण समोर बघत असतो, मान ताठ असते आणि फोटोच्या मध्ये आपला हात येत नाही.

चित्र काढणं वेगळं, रिटचिंग वेगळं

सगळा गोंधळ इथे होतो. पेन डिस्प्लेचे जे व्हिडिओ आपण बघतो, ते बहुतेक इलस्ट्रेटर, कॉमिक्सवाले किंवा ॲनिमेशनवाले यांचे असतात. त्यांना कोऱ्या स्क्रीनवर रेषा काढायची असते. हनुवटीची एक वळणदार रेषा एका झटक्यात यायला हवी असेल, तर पेनच्या टोकाकडे बघत ती काढणं सोपं जातंच. त्यांच्यासाठी पेन डिस्प्ले हा खरंच मोठा आधार आहे.

रिटचिंगमध्ये तुम्ही रेषा काढत नसता. फोटो आधीच तयार आहे. तुम्ही एका जागी बघून ठरवता की हे किती गडद आहे, शेजारच्या त्वचेशी जुळतंय का, आता थांबायचं का. म्हणजे कामाचा अर्धा वेळ फक्त बघण्यात जातो. झूम करून दहा सेकंद ब्रश फिरवायचा, मग मागे येऊन अख्खा चेहरा बघायचा, पुन्हा झूम. यात पेन डिस्प्लेच्या काही अडचणी आहेत.

एक, तुमचाच हात फोटोवर येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याला पेनच्या खालचा आणि उजवीकडचा भाग झाकला जातो. एका गालावर काम करताना दुसरा गाल दिसत नसेल, तर दोन्ही सारखे कसे करणार?

दोन, मान. स्क्रीन टेबलावर म्हटल्यावर तुम्ही खाली वाकणारच. चांगला स्टँड लावून ती उभी केली तर मान वाचते, पण मग हात अधांतरी राहतो आणि खांदा बोलायला लागतो. टेबल मोठं आणि खुर्ची नीट असेल तर यातून मार्ग निघतो. हॉस्टेलच्या कॉटवर मांडी घालून बसलात तर नाही.

तीन, काचेची जाडी. स्वस्त पेन डिस्प्लेमध्ये वरची काच आणि आतली स्क्रीन यांच्यात थोडं अंतर असतं. तिरकं बघितलं की पेनचं टोक एकीकडे आणि कर्सर जरासा दुसरीकडे दिसतो. घेणारच असाल तर ‘फुल लॅमिनेशन’ असलेलाच घ्या. त्यात काच आणि स्क्रीन चिकटवलेल्या असतात, त्यामुळे हे अंतर खूप कमी होतं.

खरा घोळ रंगांचा

आता त्या मुद्द्यावर येऊ, जो पेनपेक्षाही महत्त्वाचा आहे. तुम्ही पेन कितीही हलक्या हाताने फिरवा, समोरची स्क्रीनच खोटं बोलत असेल तर काय उपयोग?

कमी बजेटच्या अनेक लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे ती स्क्रीन किती रंग दाखवू शकते याचं माप. वेबवर आणि बहुतेक फोटो लॅबमध्ये जी एसआरजीबी नावाची रंगांची चौकट चालते, ती या मापात साधारण ७२ टक्के येते. म्हणजे ४५ टक्केवाली स्क्रीन त्या चौकटीतले तिसऱ्या हिश्शाहून जास्त रंग दाखवतच नाही. लाल शालू विटकरी दिसतो, हळदीचा पिवळा फिका वाटतो. मग तुम्ही रंग चढवता, आणि प्रिंट आली की नवऱ्याच्या चेहऱ्यावर कावीळ.

इथे पेन डिस्प्लेची बाजूही ऐकून घेऊ. तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन वाईट असेल आणि तुम्ही पूर्ण एसआरजीबी दाखवणारा पेन डिस्प्ले घेतलात, तर पेन आणि बरे रंग दोन्ही एकाच खरेदीत मिळतात. हा मुद्दा बरोबर आहे. पण बजेट समोर ठेवून बघा. नावाजलेल्या कंपन्यांचे तेरा इंचांच्या आसपासचे बरे पेन डिस्प्ले साधारण वीस हजारांच्या घरात सुरू होतात आणि तिथून वर जात राहतात. मध्यम साइजचा साधा पेन टॅब्लेट साधारण चार ते सात हजारांत येतो. उरलेल्या पैशांत एसआरजीबी जवळजवळ पूर्ण दाखवणारा चोवीस इंची आयपीएस मॉनिटर बसू शकतो. तेवढ्याच पैशांत दुप्पट मोठा फोटो, समोर, डोळ्यांच्या उंचीवर. ऑफर्सप्रमाणे किमती वरखाली होतील, पण हे गणित फारसं बदलत नाही.

दुसरं म्हणजे, पेन डिस्प्ले जोडला की तुमच्याकडे दोन स्क्रीन होतात आणि त्या दोघींचं एकमत कधीच होत नाही. एकीवर चेहरा गुलाबी, दुसरीवर पिवळट. कॅलिब्रेशनचं यंत्र महाग असतं, विद्यार्थी म्हणून ते लगेच घ्यायची गरज नाही. पण एक सोपी टेस्ट प्रत्येकाला जमते. स्वतः एडिट केलेला एक चेहऱ्याचा फोटो जिथे अल्बम छापायचा त्याच लॅबमधून चार बाय सहाच्या साइजमध्ये छापून आणा आणि दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरून बघा. प्रिंट काळी आली असेल, तर तुमच्या स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त आहे. काही रुपयांत मोठा धडा मिळतो.

साइज किती घ्यावी?

टॅब्लेट घ्यायचं ठरलं की पुढचा मोह असतो सगळ्यात छोटा आणि स्वस्त उचलायचा. थांबा, थोडं गणित करू.

वाकॉमच्या इंटुऑस मालिकेतल्या स्मॉल टॅब्लेटवर पेन चालतं ती जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे, मीडियमवर २१६ बाय १३५. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण ३४५ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे स्मॉलवर हात एक सेंटिमीटर हलला की कर्सर सव्वादोन सेंटिमीटर पळतो. मीडियमवर तो दीडच्या जरा पुढे जातो. आता चोवीस इंची मॉनिटर जोडा, त्याची रुंदी साधारण ५३१ मिलिमीटर. स्मॉलवर कर्सर साडेतीन पट पळणार, मीडियमवर अडीच पट. हात जरासा थरथरला तरी स्मॉलवर तो जास्त मोठा होऊन दिसतो.

म्हणून फक्त लॅपटॉपवर, प्रवासात, बॅगेत टाकून काम करणार असाल तर स्मॉल चालून जाईल. पुढेमागे मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर मीडियमच घ्या. हुइऑन आणि एक्सपी-पेन यांच्याकडे दहा बाय सव्वासहा इंच जागा असलेले टॅब्लेट मिळतात, ते याच गटातले. त्याहून मोठा रिटचिंगला लागत नाही. उलट कीबोर्डला जागा उरत नाही, आणि रिटचिंगमध्ये डावा हात सतत कीबोर्डवर असतो.

बॉक्सवरच्या आकड्यांना भुलू नका

‘८१९२ प्रेशर लेव्हल्स!’ ‘१६३८४!’ बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच असतं. अर्थ एवढाच की पेन दाबाच्या इतक्या पायऱ्या ओळखतं. आता विचार करा. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. ब्रशची ओपॅसिटी एक ते शंभर. २०४८ लेव्हल्सचं पेनही या कामाला भरपूर आहे. आपल्या हाताला त्यापुढचा फरक ओळखता येत नाही.

त्याऐवजी पेन किती हलक्या स्पर्शाला दाद देतं, ते बघा. काही पेनं बऱ्यापैकी दाबल्याशिवाय उमटतच नाहीत आणि रिटचिंगला लागतो तो नेमका हलका हात. पेन तिरकं धरल्याचं ओळखणारं ‘टिल्ट’ चित्रकारांना आवडतं, तुम्हाला फारसं लागणार नाही. पेनवर दोन बटणं मात्र असायलाच हवीत. आणि बदली निब सहज मिळतात का, ते विचारा. निब झिजते, विशेषतः खरखरीत पाटीवर.

मग पेन डिस्प्ले घ्यायचाच नाही का?

घ्या ना, पण कारण असू द्या. तुम्ही फोटोबरोबर इलस्ट्रेशनही करता, फोटोवर केस किंवा कापड अक्षरशः रंगवता, किंवा जुने फोटो दुरुस्त करायची कामं घेता, तर पेन डिस्प्लेचे पैसे वसूल होतील. पणजोबांच्या फोटोचा कोपरा वाळवीने खाल्लाय आणि अर्धा फेटा नव्याने उभा करायचाय, हे काम रिटचिंगपेक्षा चित्रकलेच्या जास्त जवळचं आहे. प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही ज्यांचं ‘हात इथे, डोळे तिथे’ जमत नाही, असेही काही जण असतात. त्यांनीही हाच रस्ता धरावा.

घेण्याआधी लॅपटॉपची पोर्ट तपासा. पेन डिस्प्लेला चित्र पाठवावं लागतं, वीजही लागते. अनेक पेन डिस्प्लेंसोबत एचडीएमआय, यूएसबी आणि वीज अशी तीन तोंडांची केबल येते. ‘एकाच टाइप-सी केबलवर चालतो’ असं लिहिलेलं असलं, तरी तुमच्या लॅपटॉपच्या टाइप-सीमधून व्हिडिओ बाहेर पडतो का ते बघा. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये तो पडत नाही.

आणि घरात आधीच आयपॅड आणि मॅक दोन्ही असतील, तर नवीन काही घेण्याआधी साइडकार वापरून बघा. २०१९पासून मॅकमध्ये ही सोय आहे. आयपॅड मॅकची दुसरी स्क्रीन होतो आणि ॲपल पेन्सिलने त्यावर फोटोशॉप चालवता येतं. पेन डिस्प्ले आपल्याला मानवतो का, याची फुकटात परीक्षा होते.

बॉक्स उघडल्यावर पहिल्या दिवशी

पेन टॅब्लेट वाईट म्हणून परत करणाऱ्या अनेकांचा प्रॉब्लेम टॅब्लेटमध्ये नसतो, सेटिंगमध्ये असतो. म्हणून एवढं करा.

• ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या. आधी दुसऱ्या कंपनीचा टॅब्लेट वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर काढून टाका. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत.

• पाटीवर बाटलीचं झाकण ठेवून त्याच्या कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर गोलाऐवजी अंडं आलं, तर ड्रायव्हरमध्ये पाटी आणि स्क्रीनचं प्रमाण जुळवण्याचा पर्याय चालू करा.

• दोन स्क्रीन असतील तर टॅब्लेट एकाच स्क्रीनला जोडा. नाहीतर अर्धी पाटी वाया जाते.

• विंडोजवर पेन दाबून धरलं की गोल रिंग येते आणि ब्रश अडखळतो. पेन सेटिंगमधला ‘दाबून धरल्यावर राइट क्लिक’ हा पर्याय बंद करा.

• फोटोशॉपमध्ये ब्रश निवडल्यावर वरच्या पट्टीत ओपॅसिटीच्या शेजारी पेनच्या दाबाचं छोटं बटण असतं, ते चालू करा. डॉज-बर्नसाठी दाबाने ओपॅसिटी बदलू द्या, ब्रशचा आकार नको. हीलिंग ब्रशसाठी मात्र दाबाने आकार बदलला तर सोयीचं पडतं.

• ड्रायव्हरमध्ये दाबाचा आलेख असतो. तो थोडा ‘सॉफ्ट’कडे सरकवा, म्हणजे कमी जोर लागेल. पेन घट्ट आवळून धरणाऱ्यांनी हे करायलाच हवं.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं अजून. माउस धरताना तळवा खाली वळलेला असतो आणि बोट सतत टिचकी मारत असतं. पेनची पकड त्यापेक्षा नैसर्गिक, त्यामुळे अनेकांना आराम वाटतो. पण पेन म्हणजे औषध नाही. रोज रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टरकडे जा, टॅब्लेटच्या दुकानात नंतर.

हलका हात

एक गोष्ट कोणत्याच बॉक्समध्ये मिळत नाही. सीझनमध्ये काम घ्याल तेव्हा ‘फोटोत जरा गोरी कर हं तिला’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. माउसच्या काळात हे एका स्लायडरने व्हायचं, आणि सावळ्या मुलीचा चेहरा गळ्यापेक्षा दोन शेड पांढरा दिसायचा. आता तुमच्या हातात पेन आहे. डोळ्याखालची थकव्याची छटा तुम्ही नेमकी तेवढीच उचलू शकता, नाकावरची चमक उतरवू शकता, आणि त्वचेचा पोत व रंग तिचाच ठेवू शकता. फोटो उजळ दिसेल आणि तिला तो स्वतःचा वाटेल. ‘गोरं’ मागणाऱ्यांना बऱ्याचदा हेच हवं असतं, फक्त शब्द चुकतो. एकदा दोन्ही प्रकारे करून दाखवा आणि निवडू द्या.

तर या आठवड्यात एवढंच करा. अप्लाइड आर्टवाल्या एखाद्या मैत्रिणीला गाठा, तिचा टॅब्लेट दोन दिवस उसना मागा आणि स्वतःचाच एक जवळून काढलेला फोटो घेऊन बसा. पन्नास टक्के करड्या रंगाने भरलेला नवा लेअर, ब्लेंड मोड सॉफ्ट लाइट, मोठा मऊ ब्रश, दहा टक्क्यांची ओपॅसिटी. उजळ करायचं तिथे पांढरा, गडद करायचं तिथे काळा. पाच मिनिटं झाली की लेअर बंद-चालू करून बघा. केलेलं काम लगेच डोळ्यांत भरत असेल, तर हात जड पडतोय. लेअर पुसा आणि पुन्हा सुरू करा. हे दोन दिवस जमलं, तर कुठला टॅब्लेट घ्यायचा हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. मैत्रिणीचा टॅब्लेट मात्र वेळेत परत करा, तिचीही सबमिशन्स असतात!